लिम्फोमाची फाईल माळ्यावर टाकू नका

समजा, देवबागेतला एक पंचेचाळिशीचा रापणकर आहे. दहा वर्षांपूर्वी त्याच्या मानेत गाठी आल्या. परळला जाऊन त्याने सहा केमो घेतल्या, गाठी विरल्या, केस परत आले आणि तो पुन्हा रापणीच्या दोरीला हात लावू लागला. आता जुलैतल्या एका रात्री त्याला धाप लागते. आडवे झाले की खोकला येतो, उठून बसले की बरे वाटते. मालवणच्या रुग्णालयात ड्युटीवरचा तरुण डॉक्टर विचारतो, “आधी काही आजार?” घरचे सांगतात, “काय नाय ओ, एकदम धडधाकट माणूस.” कॅन्सरचे नाव कोणी काढत नाही. लपवायचे असते असेही नाही. तो तर कधीच बरा झाला, त्याचा धापेशी काय संबंध, असे सगळ्यांना मनापासून वाटते. डॉक्टर पावसाळी दमा समजून वाफ देतो आणि हृदयाची तपासणी राहून जाते.

हा माणूस मी कल्पिला आहे. अशी चूक मात्र आपल्याकडे कुठल्याही घरात होऊ शकते, कारण आपले उपचार होतात मुंबईला, बांबोळीला नाहीतर कोल्हापूरला आणि हृदयाची तक्रार उपटते ती गावच्या घरात, कित्येक वर्षांनी. या दोन टोकांना जोडणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे उपचारांची फाईल. ती माळ्यावर पडलेली असते, नाहीतर ओल धरून तिची शाई फुटलेली असते. ज्यांचा लिम्फोमा बरा झाला आहे, ज्यांचे उपचार चालू आहेत आणि ज्यांचे आता सुरू होणार आहेत, अशा तिघांसाठीही हा लेख आहे.

हृदयाचा संबंध कुठे येतो?

लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा, म्हणजे मान, काख, जांघ, छाती आणि पोट इथे असणाऱ्या रोगप्रतिकारक गाठींचा कॅन्सर. लंडनचे डॉक्टर थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली या प्रकारच्या आजाराचे वर्णन केले. त्यांच्या नावावरून ‘हॉजकिन’ आणि ‘नॉन-हॉजकिन’ असे दोन मोठे गट पडले. आज यातले बरेच रुग्ण पूर्ण बरे होतात. तिशीत बरा झालेला माणूस पुढे तीस-चाळीस वर्षे जगणार असतो, आणि म्हणूनच त्याच्या हृदयाची काळजी आजपासून करायची.

केमोच्या वेळी शिरेतून दिले जाणारे लाल रंगाचे औषध बहुतेकांच्या लक्षात राहते. त्यानंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते. या औषधाचे नाव डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी ते मातीतल्या सूक्ष्म जिवाणूपासून मिळवले आणि आड्रियाटिक समुद्रावरून त्याला आड्रियामायसिन हे नाव दिले. नॉन-हॉजकिनच्या ‘आर-चॉप’ आणि हॉजकिनच्या ‘एबीव्हीडी’ या दोन्ही नेहमीच्या उपचारांत ते असते. कॅन्सरच्या पेशी मारण्यात ते पटाईत आहे, पण हृदयाच्या स्नायूलाही ते इजा करते. इतर बऱ्याच अवयवांत मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात; हृदयाच्या स्नायूत त्या जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे आयुष्यात या औषधाची एकूण किती मात्रा गेली, त्याचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब सोपा आहे. आर-चॉपच्या एका फेरीत शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम डॉक्सोरुबिसिन देतात. सहा फेऱ्या झाल्या की ३०० मिलिग्रॅम. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात असे दिसले की एकूण मात्रा ४००ला पोचली की शंभरातल्या सुमारे पाच जणांचे हृदय कमजोर पडते, ५५०ला २६ जणांचे, तर ७००ला ४८ जणांचे. म्हणून डॉक्टर साधारण ४५०च्या पुढे जायला तयार नसतात. ३०० घेतलेल्या बहुतेकांचे हृदय तग धरते. मात्र आधीचे ब्लडप्रेशर, मधुमेह, पासष्टीच्या पुढचे वय किंवा जुना हृदयविकार असेल, तर कमी मात्राही भारी पडू शकते.

दुसरा धोका छातीवर दिलेल्या रेडिएशनचा. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊ शकतात, झडपा घट्ट होऊ शकतात, हृदयावरचे आवरण जाड होऊ शकते. हे परिणाम दहा-वीस वर्षांनीही उघड होतात. हल्ली रेडिएशन नेमक्या जागेवर आणि कमी मात्रेत देतात, पण जुन्या काळात मान-छातीच्या मोठ्या भागावर ते घेतलेले लोक आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांनी अधिक सावध राहावे.

नव्या औषधांचीही आपापली खोड असते. इब्रुटिनिबसारख्या गोळ्यांनी हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि ब्लडप्रेशर वाढू शकते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या देशी कार-टी पेशी उपचाराचे लोकार्पण ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. या उपचारातही सुरुवातीच्या दिवसांत येणाऱ्या तीव्र दाहाचा ताण हृदयावर येऊ शकतो, म्हणून आधी हृदय तपासून घेतात.

एका कागदावर सात ओळी

फाईल जाडजूड असते आणि रात्री दोन वाजता ती कोणी वाचत नाही. म्हणून तिचे सार एका कागदावर उतरवा. कॅन्सरच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत हे विचारून घ्या:

१. लिम्फोमाचा नेमका प्रकार आणि निदानाची तारीख.
२. केमोच्या संचाचे नाव, किती फेऱ्या, पहिली आणि शेवटची तारीख.
३. डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा, दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम.
४. रेडिएशन झाले का, छातीला का आणि मात्रा किती (‘ग्रे’मध्ये).
५. उपचाराआधीचा आणि नंतरच्या प्रत्येक इकोचा ‘इएफ’ आकडा, तारखेसह.
६. आता चालू असलेली औषधे आणि ॲलर्जी.
७. उपचार केलेल्या रुग्णालयातला आपला नोंदणी क्रमांक.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. त्याचा फोटो स्वतःच्या, घरच्या माणसाच्या आणि मुंबईतल्या चाकरमान्याच्याही मोबाईलवर असू द्या.

पाचवी ओळ विशेष जपा. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते, ते ‘इएफ’ सांगतो. तुमचा आकडा उपचाराआधी ६५ होता आणि आज ५२ आला, तर नवख्या डॉक्टरला ५२ ठीकठाकच वाटेल. जुना ६५ समोर असेल तरच त्याला कळेल की तेरा अंक गेले आहेत. दहा किंवा त्याहून जास्त अंकांची घसरण हा इशारा समजतात. ‘स्ट्रेन’ नावाचे मोजमाप त्याहूनही आधी बिघाड दाखवते. सोय असेल तिथे इको करताना ते मागून घ्या. शक्यतो दरवेळी एकाच ठिकाणी इको करावा, म्हणजे तुलना नीट होते.

उपचार सुरू होण्याआधी

पहिल्या केमोआधी ईसीजी, इको, ब्लडप्रेशर, साखर आणि कोलेस्टेरॉल एवढे तपासलेले असावे. कॅन्सरच्या डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. वडिलांना चाळिशीत आलेला झटका, स्वतः अधूनमधून सोडून दिलेली बीपीची गोळी, तंबाखू, मशेरी, संध्याकाळची माडी, सगळे सांगा. उपचार ठरवताना त्याचा उपयोग होतो. धोका जास्त असेल तर लाल औषध सावकाश देणे, त्याचा चरबीच्या आवरणातला प्रकार वापरणे, हृदयाला संरक्षण देणारे डेक्सराझोक्सेन सोबत देणे किंवा औषधांचा संचच बदलणे, असे पर्याय डॉक्टरांकडे असतात.

कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांबद्दलही विचारायला हरकत नाही. अमेरिका आणि कॅनडात लिम्फोमाच्या ३०० रुग्णांवर झालेल्या ‘स्टॉप-सीए’ या चाचणीत अर्ध्यांना वर्षभर रोज ४० मिलिग्रॅम ॲटोरव्हास्टॅटिन दिले. २०२३ साली तिचा निष्कर्ष आला. हृदयाच्या क्षमतेत लक्षणीय घट औषध नसलेल्या गोळीच्या गटात २२ टक्के रुग्णांत झाली, तर स्टॅटिनच्या गटात ९ टक्के रुग्णांत. म्हणून सगळ्यांनी दुकानातून ती आणून खावी असे नाही. यकृत, इतर औषधे आणि तुमचा एकूण धोका पाहून ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मात्र हृदयाला धोका आहे म्हणून घाबरून केमो टाळणे हा सगळ्यांत मोठा धोका. उपचार न केलेला लिम्फोमा हृदयाच्या आधी माणसालाच नेतो.

स्टेरॉइडचे पाच दिवस आणि सुकी मच्छी

आर-चॉपच्या प्रत्येक फेरीत पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या असतात. त्याने भूक खवळते, साखर चढते, अंगात पाणी साठते, ब्लडप्रेशर वाढते. मधुमेह नसलेल्यांनीही या दिवसांत साखर तपासावी. घरी बीपीचे यंत्र असेल तर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहावे.

याच दिवसांत तोंडाला चव नसते म्हणून घरात सुक्या बांगड्याचा तुकडा भाजला जातो, पेजेबरोबर लोणच्याची फोड येते. मिठाचा साठा त्यातच असतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, तोही वरणभातापासून फरसाणापर्यंत सगळे धरून. खारवलेला बांगडा, सुकट, पापड, लोणचे हे हृदय कमजोर झालेल्या माणसाने बंदच ठेवावे आणि बाकीच्यांनी सणावारी चवीपुरते घ्यावे. तोंडाला चव हवी तर कोकम, तिरफळ, आले, लिंबू आपल्याकडे मुबलक आहेत. ताजा बांगडा आणि तारली हृदयाला चांगल्या. त्या तळण्यापेक्षा तिखल्यात किंवा कालवणात घाला. नारळ सोडायला कोणी सांगत नाही, पण रोजच्या वाटणाचा हात थोडा आखडता घ्या.

दोन गोष्टी आपल्या किनाऱ्यावर मुद्दाम सांगाव्या लागतात. पहिली शहाळ्याची. आजाऱ्याला शहाळे द्यायचे ही आपली रीत. पण हृदयासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील तर शरीरात पोटॅशियम साठते आणि शहाळ्यात ते भरपूर असते. मूत्रपिंड अधू असेल तर धोका आणखी वाढतो. अशा रुग्णाने रोज शहाळे पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे. बाजारातल्या ‘कमी सोडियम’च्या मिठातही पोटॅशियमच घातलेले असते, हे ध्यानात ठेवा. दुसरी पपनसाची, ज्याला आपण तोरंजन म्हणतो. गणपतीत ते घरोघरी येते. त्याच्या कुळातल्या ग्रेपफ्रूटमुळे इब्रुटिनिब आणि काही स्टॅटिन यांचे रक्तातले प्रमाण वाढते. तोरंजनातही तसेच घटक असतात. या गोळ्या चालू असतील तर गणपतीला वाहा, स्वतः खाऊ नका. झाडपाल्याचे औषध घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा.

तंबाखूबद्दल सवलत नाही. विडी असो, मळलेली तंबाखू असो की बायकांनी सकाळी दाताला लावलेली मशेरी असो. रेडिएशनने आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्यांवर तंबाखू दुहेरी घाव घालते.

चालताना गजाली करता आल्या पाहिजेत

केमो संपली की महिनोन्‌महिने पडून राहायचे, हा समज सोडा. आठवड्याला १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास मध्यम वेगाने चालणे हे उद्दिष्ट ठेवा. सुरुवात दहा मिनिटांची असली तरी चालेल. वेग किती असावा? बरोबरच्या माणसाशी गजाली करता आल्या पाहिजेत. वाक्य अर्ध्यात तुटत असेल तर वेग जास्त झाला. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत चालणे सोपे जाते. कोरड्या वाळूत दमछाक होते, ती सुरुवातीला टाळा. दुपारच्या दमट उन्हात बाहेर पडू नका. पावसात घराच्या पडवीत किंवा खळ्याच्या मांडवात फेऱ्या माराव्यात. रापण ओढणे, चिऱ्याचे ओझे, कलमांना पाणी वाहणे अशी जड कामे इको पाहून, डॉक्टरांना विचारून, हळूहळू परत सुरू करा.

उपचार संपल्यावर किती वेळा तपासायचे?

इटलीत मिलान इथे डॉक्सोरुबिसिनच्या प्रकारची औषधे घेतलेल्या २,६२५ रुग्णांचा पाठपुरावा करून २०१५ साली निष्कर्ष मांडला गेला. सुमारे ९ टक्क्यांचे हृदय कमजोर झाले आणि त्यातल्या ९८ टक्के रुग्णांत ते पहिल्या वर्षभरातच सापडले. लगेच औषधे सुरू केल्यावर दर दहातल्या आठ जणांचे हृदय सुधारले. अगदी पहिल्यासारखे मात्र थोड्यांचेच झाले. म्हणून पहिले वर्ष चुकवायचे नाही.

युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनाचा गाभा असा: लाल औषध घेतलेल्या प्रत्येकाचा शेवटच्या केमोनंतर वर्षभरात इको व्हावा. धोका जास्त असेल तर तीन महिन्यांनीही. त्यानंतर दरवर्षी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, वजन आणि ईसीजी. जास्त धोक्याच्या लोकांनी तक्रार नसली तरी काही वर्षांच्या अंतराने इको करत राहावा. छातीला मोठे रेडिएशन झालेल्यांनी पाच वर्षांनंतर रक्तवाहिन्यांच्या तपासणीबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारावे.

हे सगळे मुंबईलाच करायला हवे असे नाही. ओरोस, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी यांपैकी तुमच्या जवळ इको कुठे आणि कोणत्या वारी होतो, ते आधीच विचारून ठेवा. रिपोर्टचा फोटो कॅन्सरच्या डॉक्टरांना पाठवा आणि आकडा सात ओळींच्या कागदावर उतरवा. लहानपणी कॅन्सर होऊन बरे झालेल्यांसाठी टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून वेगळे क्लिनिक चालते. लहानपणी तिथे उपचार झाले असतील तर त्या वाटेने संपर्क ठेवावा.

प्रवासासाठी रेल्वेची सवलत आहे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी आणि नंतरच्या तपासणीसाठी जातानाही स्लीपर व थ्री-टायर एसीत पूर्ण सूट मिळते, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तो मुंबईतून निघण्याआधीच मागून घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. कोणते उपचार आणि कोणते रुग्णालय त्यात बसते, ते १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.

“गॅस झालो आसतलो” म्हणण्याआधी

चालताना पूर्वीपेक्षा लवकर धाप लागणे, झोपायला एकाऐवजी दोन उशा लागणे, रात्री खोकल्याने उठून बसावे लागणे, संध्याकाळी पाय सुजणे, तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वजन वाढणे, छातीत उगाच धडधडणे, यांपैकी काहीही दिसले तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा. जाताना कागद न्या.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम, भोवळ, बसल्याजागी धाप यापैकी काही झाले तर सोडा पीत बसू नका. १०८ला फोन करा. पावसात रस्ता तुंबला असेल तरी जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढून घ्या. रुग्ण पस्तिशीचा आहे म्हणून झटका येणार नाही असे कोणी म्हणाले, तर छातीला रेडिएशन झाले असल्यास ते ठामपणे सांगा.

लेकीपासून लपवू नका

आपल्याकडे मुलीला लहानपणी किंवा कॉलेजात असताना लिम्फोमा झाला असेल तर घरचे ती गोष्ट गाडून टाकतात. स्थळ मोडेल ही भीती. सासरी कळू नये म्हणून फाईलच नाहीशी होते. मग ती गरोदर राहते. गरोदरपणात हृदयाला नेहमीपेक्षा निम्म्याने जास्त रक्त फिरवावे लागते. आजवर निमूट असलेली कमजोरी तेव्हा किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत वर येऊ शकते. यातल्या बहुतेक मुलींचे बाळंतपण सुखरूप होते, पण त्यासाठी आधी इको झालेला असावा आणि बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांना सगळे माहीत असावे. सासरी काय सांगायचे ते तुम्ही ठरवा. डॉक्टरांना मात्र तिने खरे सांगितलेच पाहिजे, आणि त्यासाठी तिला स्वतःला सगळे माहीत हवे. बरे झालेल्या मुलाला किंवा मुलीला अठरावे लागले की फाईल त्यांच्या हातात द्या आणि त्यात काय आहे ते समजावून सांगा.

मिरगाच्या आधी आपण घराची कौले परततो, होड्या शाकारून ठेवतो. मे महिन्यात चाकरमानी घरी असतात, रस्ते कोरडे असतात, गाडी मिळते. हृदयाची वर्षाची तपासणीही त्याच महिन्याला बांधून घ्या, म्हणजे विसरणार नाही. आणि आज संध्याकाळी माळ्यावर शिडी लावून ती फाईल तेवढी खाली काढा.